सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही: दोष शोधायचा कसा

‘गाडी स्टार्ट होत नाहीये’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सेल्फ फिरतोय का? चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक’ वाजून सगळं शांत होत असेल, किंवा डॅशबोर्डचे दिवे मंद होऊन ‘कटकटकट’ होत असेल, तर तो बॅटरीचा, टर्मिनलचा नाहीतर सेल्फ मोटरचा विषय. त्याबद्दल इथे काही नाही. इथे बोलायचंय ते दुसऱ्या, जास्त छळणाऱ्या दुखण्याबद्दल. सेल्फ झकास फिरतो, इंजिन गरगरतं, पण पकडतच नाही. त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे हे कधीतरीच होतं. सकाळी एका झटक्यात चालू, दुपारी नाही, अर्ध्या तासाने पुन्हा चालू, आणि मेकॅनिकसमोर उभी केली की आज्ञाधारक बाळासारखी पहिल्याच सेल्फला सुरू.

माझ्या स्वतःच्या पेट्रोल गाडीने मला असं जवळजवळ चार महिने खेळवलं. तेवढ्यात टाकीतला पेट्रोलचा पंप बदलून झाला, चारही प्लग बदलून झाले, प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी एक कॉइल बदलून झाली. सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. काढलेल्यांपैकी एकही भाग खराब नव्हता. दोष शेवटी कुठे निघाला ते पुढे येईलच, पण त्या चार महिन्यांत एक सवय लागली ती आधी सांगतो: ‘कोणता भाग गेला असेल?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘आत्ता, या क्षणी इंजिनाला काय मिळत नाहीये?’ एवढंच विचारायचं. आणि ते गाडी बंद पडलेली असतानाच तपासायचं. चालू गाडीवर केलेली तपासणी म्हणजे ताप उतरल्यावर लावलेला थर्मामीटर.

इंजिनाच्या मागण्या मोजक्याच. हवा, इंधन, योग्य वेळी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसं कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या मिश्रणावर पडणारा दाब. सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण २०० ते २५० फेरे देतो. तिथून पुढे आठशे-नऊशेपर्यंत इंजिनाने स्वतःच्या दमावर जायचं असतं. यातल्या एकाही गोष्टीचा पत्ता नसेल तर सेल्फ कितीही मारा, उपयोग शून्य. उलट नुकसानच. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान मिनिटभर जाऊ द्या. नाहीतर सेल्फ मोटर तापते, बॅटरी बसते, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन साचतं, आणि मूळ दोषाच्या जोडीला आणखी दोन दोष तुम्ही स्वतः तयार करता.

आधी कान द्या

बॉनेट उघडायच्या आधी सेल्फचा आवाज ऐका. निरोगी इंजिन फिरताना आवाजाला ताल असतो: र्‍हं-र्‍हं-र्‍हं-र्‍हं. प्रत्येक सिलिंडर दाबावर आला की फिरणं किंचित जड होतं, सुटला की हलकं. हा ताल नीट असेल तर कॉम्प्रेशन बहुतेक ठीक आहे असं धरून पुढे जायला हरकत नाही.

तालच नाहीसा झालाय, इंजिन नेहमीपेक्षा वेगात आणि एकसुरी ‘व्हर्रर्र’ करत फिरतंय, शिलाई मशीनचं पॅडल रिकामं मारल्यासारखं, तर तिथेच थांबा. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि वाल्व्ह यांची वेळ जुळवणारा पट्टा) तुटल्याची किंवा त्याचे दात सरकल्याची ही खूण आहे. बऱ्याच इंजिनांत बेल्ट गेला की पिस्टन उघड्या वाल्व्हवर आदळतात, आणि पुन्हा पुन्हा सेल्फ मारला तर वाचलेले वाल्व्हही वाकतात. खात्री करायची असेल तर ऑइल भरायचं झाकण उघडून आत बघा. बऱ्याच गाड्यांत तिथून कॅमशाफ्ट किंवा रॉकर दिसतात. दुसऱ्याला अगदी क्षणभर सेल्फ मारायला सांगा. इंजिन फिरतंय आणि आतलं काहीच हलत नाही, म्हणजे निदान झालं. पुढचं काम टो करूनच.

आवाज जड, रेंगाळणारा असेल तर बॅटरीवर मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. पण खरा आकडा सेल्फ मारतानाचा. तेव्हा तो ९.६ च्या खाली जात असेल तर इंजिन फिरेल कदाचित, पण इंजिनाचा कॉम्प्युटर, कॉइल आणि पंप यांना जेवढं लागतं तेवढं मिळणार नाही. ‘सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी चांगली’ हे म्हणूनच अर्धसत्य. दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन एकदा बघायला पाच मिनिटं लागतात, बघून टाका.

एक अपवाद इथेच सांगतो. गाडी साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर सेल्फ मारूच नका, एकदासुद्धा. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. आत ओल असेल तर प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय पुढे काही नाही.

चावी ऑन करा आणि नुसते बसून राहा

आता एक पैशाचं हत्यार न लागणारी तपासणी. रेडिओ बंद, पंखा बंद, काचा वर. चावी फक्त ऑनपर्यंत फिरवा, सेल्फ नको. मला विचाराल तर अर्ध्या गाड्यांचं निदान या तीस सेकंदांत निम्म्यावर येतं.

पहिलं म्हणजे चेक इंजिनचा पिवळा दिवा. चावी ऑन केल्यावर तो पेटायलाच हवा. लोक तो पेटला की घाबरतात. या वेळी तो पेटला नाही तर घाबरायचं. दिवा लागलाच नाही, म्हणजे बहुतेक इंजिनाच्या कॉम्प्युटरलाच सप्लाय नाही. मेन रिले, त्याचा फ्यूज किंवा अर्थिंग. मग प्लग-पंप यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण हुकूम देणाराच झोपलाय.

दुसरं, चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह. ते भराभर लुकलुकत असेल तर इम्मोबिलायझरने, म्हणजे गाडीच्या चोरीविरोधी यंत्रणेने, चावी ओळखलेली नाही. काही गाड्यांत अशा वेळी सेल्फच फिरत नाही, पण कित्येकांत सेल्फ बेलाशक फिरतो आणि फक्त पेट्रोल किंवा ठिणगी तोडलेली असते. याची ठळक खूण: गाडी चालू होते आणि एक-दोन सेकंदांत कुणीतरी बटण दाबल्यासारखी बंद पडते. दुसरी चावी लावून बघा. एकाच कडीत दोन गाड्यांच्या चाव्या असतील तर वेगळ्या करा. बटणावर चालू होणारी गाडी असेल तर रिमोटमधला सेल बदला.

तिसरं, पंपाचा आवाज. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘झूंऽऽ’ ऐकू येतो आणि थांबतो. पंप लाइनमध्ये दाब भरून घेत असतो. सगळ्या गाड्या चावी ऑन केल्यावर हे करत नाहीत. काही दार उघडतानाच करतात, काही सेल्फ फिरल्यावरच. म्हणून आपली गाडी चांगल्या दिवशी काय करते हे आधीच ऐकून ठेवलेलं बरं. रोज ऐकू येणारा आवाज आज आला नाही, तर दिशा मिळाली.

चौथं विचारायला मलाच लाज वाटते, पण विचारतो. टाकीत पेट्रोल आहे का? काटा दाखवतोय ते नाही, खरंच आहे का? टाकीतला फ्लोट (काट्याला पातळी सांगणारा तरंगता भाग) अडकला की काटा पाव टाकीवर सुखाने बसून राहतो. चढावर तोंड करून उभी केलेली, टाकी तळाला गेलेली गाडी पकडत नाही आणि सपाटीवर ढकलली की चालू होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नुकतंच इंधन भरलं असेल तर पावतीही बघा. पेट्रोल गाडीत डिझेल गेल्याचं पावतीवर लिहिलेलं असतं.

ठिणगी नाही की पेट्रोल नाही?

इथून रस्त्याला दोन फाटे. कुठला धरायचा ते ठरवल्याशिवाय एकही पाना हातात घेऊ नका.

सोपी चाचणी म्हणजे एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपमधून थ्रॉटलमध्ये कार्ब क्लीनरचा एखाद्या सेकंदाचा फवारा मारायचा, पाइप परत बसवायचा आणि सेल्फ मारायचा. इंजिन दोन-तीन सेकंद धडधडून पुन्हा मेलं, तर ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, टायमिंगही आहे. नाहीये ते पेट्रोल. काहीच हालचाल नाही, तर ठिणगीच्या बाजूला वळा. फवारा थोडाच, चेहरा लांब, आसपास ज्योत किंवा सिगारेट नाही. आणि हे फक्त पेट्रोल गाडीसाठी. डिझेलमध्ये हीटर प्लग तापलेले असताना असला फवारा मारणं म्हणजे इंजिनात फटाका लावणं.

दुसरा पुरावा प्लग काढून मिळतो. बराच सेल्फ मारल्यावर काढलेला प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये. कोरडा ठाक असेल तर पोचतच नाहीये.

ठिणगी बघायला स्पार्क टेस्टर वापरा, साधा मिळतो. जुन्या पद्धतीने प्लगची वायर हातात धरून इंजिनाला टेकवणारे अजून भेटतात. कॉइलमधून वीस-तीस हजार व्होल्ट बाहेर पडतात. धक्का तर बसतोच, पण ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल आतून फुटते. शिवाय प्लग काढलेल्या भोकातून सेल्फ मारताना पेट्रोलचे तुषार उडतात आणि शेजारीच तुम्ही ठिणगी पाडत असता. म्हणून आधी इंजेक्टरचे (पेट्रोल फवारणाऱ्या भागांचे) कपलर किंवा पंपाचा फ्यूज काढा, मगच.

पेट्रोलचा फाटा

पंप वाजला नाही म्हणून लगेच पंप बदलू नका. मी तेच केलं होतं. आधी फ्यूज. डोळ्यांनी बघून चालत नाही, मीटर लावा. तारेला केसासारखी भेग असते आणि ती नजरेला सापडत नाही. मग रिले. फ्यूज बॉक्समध्ये बहुधा हॉर्नचा किंवा एसीचा रिले अगदी त्याच नंबरचा असतो. दोघांची अदलाबदल करा. पंप वाजायला लागला आणि हॉर्न मुका झाला, की चोर सापडला.

रिलेही बरा असेल तर पंपाच्या कपलरवर सप्लाय येतो का बघायचं. इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळ्या लेखात तो एकच लक्षात राहिला तरी पुरे. मल्टिमीटर इथे फसवतो. वीस तारांच्या वायरमधली एकच तार शाबूत असली तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः काहीच करंट ओढत नाही. पंपाला मात्र चार-पाच अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात, आणि तेवढा भार पडला की ती एकुलती तार मान टाकते. म्हणून पंपाच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडून बघा. लख्ख पेटला तर वायरिंग चांगलं. विझूविझू पेटला तर सप्लायची नाहीतर अर्थची वायर खाल्लेली आहे. भाराखाली बघितल्याशिवाय कुठल्याही वायरला चांगलं म्हणायचं नाही.

पंप झिजत आला की मरायच्या आधी नखरे करतो. गरम झाला की अडकतो, थंड झाला की फिरतो. टाकीला खालून रबरी हातोडीने दोन थापा मारल्या आणि गाडी चालू झाली, तर पंपाचे दिवस भरलेत. तो उपाय घरी पोचण्यापुरता. वाजतोय पण दाब देत नाही अशी शंका असेल तर गेज लावा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत दाब साधारण ३ ते ४ बार असतो. गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा असेल, तोच खरा.

सकाळी पहिल्यांदा लांबलचक सेल्फ मारावा लागतो, पण चावी तीन वेळा ऑन-ऑफ करून मग मारला तर पटकन पकडते? म्हणजे रात्रभरात लाइनमधला दाब उतरतोय. पंपातला नॉन-रिटर्न वाल्व्ह किंवा गळका इंजेक्टर.

काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंप तोडणारा इनर्शिया स्विच असतो. जोरात खड्ड्यात आदळल्यावर गाडी बंद पडली असेल तर तो शोधून त्याचं बटण दाबा. गॅस किट बसवलेल्या गाडीत स्विच पेट्रोलवर करून बघा, आणि पेट्रोल शेवटचं कधी भरलं होतं ते आठवा. कायम गॅसवर चालणाऱ्या गाडीतलं महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल शिळं होतं; त्यातला चटकन पेट घेणारा भाग उडून जातो आणि मागे उरतो तो चिकटपणा.

पेट्रोल जास्त झालं तर

वास येतोय, प्लग ओले, ठिणगी आहे, तरी पकडत नाही. थंड गाडी चालू करून फक्त दहा फूट मागे घेतली आणि लगेच बंद केली, असं काही केलं होतं का? थंड इंजिनाला कॉम्प्युटर सढळ हाताने पेट्रोल देतो. ते जळायच्या आत तुम्ही बंद केलंत. आता ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि आठ-दहा सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पॅडल तळाला असताना सेल्फ मारला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करून नुसती हवा आत घेऊ देतो. इंजिन अडखळत, धूर काढत उठेल. उठलं की पाय हलका करा.

हेच वारंवार होत असेल तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बघा. हा छोटासा खोटारडा फार घोळ घालतो. इंजिन कढत असताना त्याने उणे चाळीस अंश सांगितलं की कॉम्प्युटर बिचारा हिमालयात असल्यासारखं पेट्रोल ओततो. उलट थंडगार इंजिनाला तो गरम म्हणाला तर गाडी उपाशी मरते. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. दोन्ही जवळपास सारखी हवीत.

ठिणगीचा फाटा

चार कॉइल एकाच वेळी मरत नाहीत. चारही सिलिंडरना ठिणगी नसेल तर दोष सगळ्यांच्या वरच्या कुठल्यातरी जागी आहे: सप्लाय, अर्थ, कॉम्प्युटर किंवा क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा फिरतोय का हे कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर. हा शेवटचा माझ्या नजरेत संशयित क्रमांक एक, विशेषतः गरम झाल्यावर पकडत नाही आणि वीस-तीस मिनिटांनी आपोआप बरी होते अशा गाड्यांत. इंजिन कुठल्या अवस्थेत आहे हे त्याच्याकडून कळलं नाही तर कॉम्प्युटर ना ठिणगी देतो ना इंजेक्टर उघडतो.

घरच्या घरी त्याची एक परीक्षा आहे. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. पुष्कळ गाड्यांत तो शून्यावरून उठून दोनशेच्या आसपास थरथरतो. सेल्फ फिरतोय आणि काटा मेल्यासारखा शून्यावर पडून आहे, तर इंजिन फिरतंय ही बातमीच कॉम्प्युटरला पोचत नाहीये. काही गाड्यांचा काटा सेल्फच्या वेळी मुळातच हलत नाही, त्यामुळे इथेही चांगल्या दिवशीची तुलना हवी. स्कॅनर असेल तर लाइव्ह डेटामध्ये आरपीएम वाचा, तो पक्का पुरावा.

स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषाच्या कोडवर मात्र आंधळा विश्वास नको. पी०३३५ हा कोड आला की मेकॅनिक ‘क्रँक सेन्सर गेला’ म्हणून मोकळा होतो. त्या कोडच्या मूळ नावात ‘सर्किट’ हा शब्द आहे. सेन्सर, कपलर, वायर, सगळं त्यात आलं. आणि कोड न येता नुसतीच बंद पडणारी गाडीही अगदी शक्य आहे. माझी तशीच होती.

उंदरांचं नाव इथे घ्यायलाच हवं. उभ्या गाडीत इंजिनाच्या उबेला बसून वायर कुरतडणं हा त्यांचा आवडता उद्योग. इंजेक्टर आणि सेन्सरच्या वायरी हाताने चाचपत जा, आणि फिल्टरच्या डब्यात बिऱ्हाड तर नाही ना तेही बघून घ्या.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात

सेल्फ मारताना कुणालातरी सायलेन्सरच्या मागे, जरा लांब, उभं करा. पांढरा धूर येतोय, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही: थंडीत हीटर प्लग, नाहीतर कॉम्प्रेशन. धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचतच नाहीये. फिल्टर बदलल्यानंतर हे सुरू झालं असेल तर लाइनने हवा घेतलीय. हातपंप कडक होईपर्यंत दाबून ती काढा. फिल्टरमधलं पाणी काढून बघा. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) रेलचा दाब साधारण २०० बारच्या पुढे चढल्याशिवाय इंजेक्टर उघडत नाहीत, आणि एखादा इंजेक्टर रिटर्नला, म्हणजे परतीच्या पाइपात, जास्त गळत असेल तर सेल्फच्या वेगात तेवढा दाब बनतच नाही. गरम इंजिनाला हे जास्त होतं. दाब स्कॅनरवर वाचा. ते पाइप सैल करून ‘डिझेल येतंय का’ बघायची जुनी सवय इथे जीवावर बेतेल. तो फवारा कातडीतून आत शिरतो.

अधूनमधून होणाऱ्या दोषाची वही

दोष पकडायचा असेल तर त्याच्या सवयी लिहून काढा. मी गाडीत एक छोटी वही ठेवली. प्रत्येक वेळी: इंजिन गरम की थंड, बंद करून किती मिनिटं झाली, पाऊस किंवा ऊन, टाकी किती, पंपाचा आवाज आला का, काटा हलला का, कितव्या प्रयत्नाला चालू झाली. नऊ नोंदींनंतर चित्र दिसायला लागलं. थंड असताना एकदाही नाही. भर रस्त्यात धावताना एकदाही नाही. प्रत्येक वेळी गाडी पुरती गरम, बंद केलेली, आणि मधे दहा ते वीस मिनिटं गेलेली. इंजिन बंद झालं की थंड हवेचा झोत आणि पाणी दोन्ही थांबतात, आणि ब्लॉकची उष्णता आजूबाजूच्या भागांत शिरते. म्हणजे इंजिनाला चिकटून असलेलं काहीतरी. टाकीतला पंप त्यात बसतच नव्हता. तो मी बदलून मोकळा झालो होतो.

त्यानंतर सेल्फ मारताना मोबाइलने काट्याचं शूटिंग केलं. चांगल्या वेळी काटा हलत होता, वाईट वेळी शून्यावर. मी उड्या मारत क्रँक सेन्सर आणून बसवला. आठ दिवस गाडी छान चालली, नवव्या दिवशी पुन्हा तेच. काट्याने मला ‘सिग्नल येत नाही’ एवढंच सांगितलं होतं. ‘सेन्सर गेला’ हे मी माझ्या मनाचं जोडलं होतं.

या वेळी गाडी बंद पडलेली असतानाच मीटर काढला. माझ्या गाडीचा सेन्सर दोन पिनांचा, कॉइलवाला; तो ओहममध्ये मोजता येतो. (तीन पिनांचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजून काही कळत नाही, त्याला सप्लाय देऊन सिग्नल बघावा लागतो.) सेन्सरच्या पिनांवर आकडा व्यवस्थित. मग बॅटरी काढली, कॉम्प्युटरच्या बाजूचा कपलर उपसला आणि त्याच दोन वायरी तिथून मोजल्या. मीटर सांगतोय, सर्किट उघडं, म्हणजे मधे कुठेतरी तुटलेलं. एका हाताने मीटर धरून दुसऱ्या हाताने वायरिंगचा गठ्ठा टोकापासून थोडाथोडा हलवत गेलो. एक्झॉस्टच्या पत्र्यामागे, जिथे गठ्ठा एका क्लॅम्पखालून वळतो, तिथे बोटाने दाबलं की आकडा यायचा, सोडलं की जायचा. टेप सोडवली. वायरचं प्लास्टिक वरून अखंड, साधा ओरखडाही नाही. पण तिथे ती पिळल्यावर चिंगमसारखी मऊ लागली, कारण आतलं तांबं तुटलेलं होतं. चिरून बघितलं तर तुटलेली टोकं हिरवट पडलेली. थंड असताना टेकून राहायची, गरम झाल्यावर प्लास्टिक ताणलं की लांब व्हायची.

तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर श्रिंक ट्यूब चढवली आणि गठ्ठा पत्र्यापासून वीतभर लांब, नव्या क्लिपवर नेला. काढलेला जुना सेन्सर कुतूहल म्हणून हेअर ड्रायरने तापवून मोजला. थंड असताना ८६० ओहम, गरम झाल्यावर साधारण १०५०. तांब्याच्या कॉइलने वागावं तसाच वागत होता. आता तो कापडात गुंडाळून डिकीत ठेवलाय, स्पेअर म्हणून.